डावीकडची पट्टी

"कुठंय?" ती म्हणाली.

तो तिच्या डाव्या हाताला स्टुलावर बसला होता आणि कौतुकाची वाट बघत होता. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं. घरातला कॉम्प्युटर इतका जुना झाला होता की नेहमीची सिस्टिम सुरू केली की जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकायचा; म्हणून त्याने ती काढून लिनक्स नावाची, अंगाने हलकी अशी दुसरी सिस्टिम घातली होती. मग खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबून नवी पट्टी काढली, आडवी होती ती उभी केली, तिचं कुलूप उघडलं, ओढत ओढत पडद्याच्या डाव्या कडेला नेऊन चिकटवली, पुन्हा कुलूप घातलं, आणि वरपासून खालपर्यंत एकेक चित्र बसवलं. पेन्सिल म्हणजे तिचे स्वयंपाकघरांचे नकाशे. पाकीट म्हणजे टपाल. गणकयंत्र, कात्री, कॅमेरा. चित्रं चांगली अंगठ्याएवढी, कारण बारीक अक्षरांच्या यादीत यादी, तिच्या पोटात आणखी यादी, असलं काही दवाखान्यातून आल्यापासून तिला झेपत नव्हतं. ती स्वच्छ म्हणाली होती, "सगळं एका जागी, मोठं मोठं द्या. माझं मला उघडता आलं तर मी कामाला लागते. नाही आलं तर फर्निचरवाल्याला कळवून टाका, दुसरं कोणी बघ म्हणून. तुम्ही उघडून द्यायचं आणि मी काढायचं, हे मला जमणार नाही. घास भरवल्यासारखं वाटतं."

"ही काय, समोर," तो म्हणाला.

"समोर निळं आहे."

"निळ्याच्या अलीकडे."

"निळ्याच्या अलीकडे काय असणार? चेष्टा पुरे झाली हं."

आता ज्याने उभा जन्म एका विमा कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात घालवला, तो माणूस अशा वेळी बायकोकडे बघत नाही, यंत्राकडे बघतो. ऑफिसात कोणाचंही गाऱ्हाणं आलं की त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असे: वायर काढून पुन्हा लावा. त्यावरून त्याचं नावच काढूनलावे पडलं होतं, आणि निरोपाच्या समारंभात एका नव्या अधिकाऱ्याने ते खरं आडनाव समजून मनापासून भाषण केलं होतं. तर काढूनलाव्यांनी आपल्या खाक्याप्रमाणे आधी पट्टीची सेटिंगं तपासली. माऊस जवळ नसला की पट्टी आपोआप लपते अशी एक सोय असते, ती चुकून चालू राहिली असेल. नव्हती. पडद्याची वायर काढली, लावली. पट्टी होती तिथेच उभी होती, शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखी, एकाखाली एक. मग त्याने पेन्सिलच्या चित्रावर आपलं बोट टेकवलं. "हे माझं बोट दिसतंय ना? त्याच्या खाली बघ."

ती पडद्याकडे बघत राहिली. अगदी मन लावून, शहाण्या माणसासारखी. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बोट कुठं ठेवलंय?"

आणि त्याला एकदम आपल्या बोटाचीच भीती वाटली. ते तिथे होतं, नख वाढलेलं, शाईचा जुना डाग पडल्यासारखी एक रेघ असलेलं, पडद्याच्या उजेडात थोडं निळसर. पण जगातल्या ज्या एका माणसासाठी ते तिथे टेकवलं होतं त्या माणसासाठी ते नव्हतं. त्याने ते काढून घेतलं आणि खिशात घातलं, चोरीच्या मालासारखं. "राहू दे," तो म्हणाला, "काहीतरी बिघडलंय. बघतो." ती म्हणाली, "बघा. वायर काढून लावा."

स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहाचं भांडं चढवलं आणि ते उतू जाईपर्यंत त्याकडे बघत उभा राहिला. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, नाही असं नाही. मेंदूच्या उजव्या भागात रक्त साकळलंय, हात परत येईल, चालणं परत येईल, आणि मग एक लांबलचक नाव घेऊन, ते मात्र राहील काही दिवस, असं म्हणाला होता. त्याने समजल्यासारखी मान हलवली होती. आयुष्यभर लोकांना लांबलचक नावं सांगून त्यानेच गप्प केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर तो प्रयोग झाला आणि तोही इतरांइतकाच गप्प बसला. हात खरोखर परत आला. चालणं आलं. बोलण्याला तर धक्काही लागला नव्हता, उलट थोडी धार आली होती. मग कोण कशाला त्या नावामागे लागतं? आता ते नाव काही केल्या आठवेना, पण बाकी सगळं आठवायला लागलं, आणि जे आठवेल ते मागच्या दाराने वेगळाच चेहरा घेऊन येऊ लागलं. ती ताटातलं अर्धंच जेवायची. उजवीकडचं चाटूनपुसून, डावीकडचं जसंच्या तसं. तो आपल्या स्वयंपाकावरचा शेरा आहे असं धरून त्याने मीठ कमी केलं होतं, मग वाढवलं होतं. स्वेटरची डावी बाही लोंबत ठेवून ती घरभर हिंडायची. दाराच्या डाव्या चौकटीवर रोज खांदा आपटायची आणि चौकटीला नावं ठेवायची. आणि त्याच्याशी बोलायची नाही. म्हणजे बोलायची, पण कधी कधी. तो काही विचारी आणि ती उत्तरच देत नसे, समोरच्या भिंतीकडे बघत राही, की याने ओळखावं अबोला आहे. संसाराच्या इतक्या वर्षांत अबोल्याचे सगळे प्रकार त्याने पाहिले होते: साधा, मुदतीचा, पाहुण्यांसमोर तात्पुरता स्थगित. त्याने आपला अपराध शोधायला सुरुवात केली होती, आणि शोधायला बसलं की अपराध काय कमी असतात? त्यातल्या दोन-तीन अपराधांबद्दल तो मनातल्या मनात वरमलाही होता. आणि ते सगळं फुकट गेलं होतं. ती रागावलेली नव्हतीच. तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता, एवढंच. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, खरं सांगायचं तर, त्याला तो अबोला परत हवासा वाटला. अबोल्यात निदान माणूस असतो.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्याने त्यांना जिन्यात गाठलं आणि पट्टीची हकिगत सांगितली. बाई तरुण होत्या, उत्साही होत्या, आणि दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा फुलत असे.

"अरे वा, छान केलंत," त्या म्हणाल्या. "डावीकडेच ठेवा. अजिबात हलवू नका."

"पण तिला दिसतच नाही."

"डोळ्यांना दिसतं हो. मेंदू तिकडे जातच नाही. त्याला तिकडून बोलावणं यायला हवं. उजवीकडे ठेवलीत तर त्यांचं सगळं भागेल, मग डावीकडे बघायची गरजच काय त्यांना?"

"आणि बोलावूनही गेला नाही तर?"

"काही जणांचा नाही जात," बाई तितक्याच प्रसन्नपणे म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा डावीकडेच बसत जा हं, काका."

तो कोपऱ्यावर पाव आणायला निघाला आणि रस्त्यात त्याने करून पाहिलं. फक्त उजवीकडे बघत चालायचं. औषधाचं दुकान, चावीवाला, बंद पडलेली बँक, कुंड्या विकणारी बाई, मग पाववाला. डावीकडे मान वळवायची नाही, तिकडे काही आहे असं मनातही आणायचं नाही. मनात आणायचं नाही हे अवघडच, कारण मनाला नको म्हटलं की ते तेवढंच आणतं. पण पाववाल्यापर्यंत पोचेतो थोडंफार जमलं होतं. येताना तसाच उजवीकडे बघत आला. लाँड्री, शाळेची भिंत, दातांचा डॉक्टर, पायऱ्यांवर झोपलेलं कुत्रं. औषधाचं दुकान कुठेच नव्हतं, बँक नव्हती, कुंड्यांची बाई नव्हती. घराच्या दाराशी येऊन तो किल्ली हातात धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं की जाताना अर्धा रस्ता दिसेल आणि येताना अर्धा. तसं झालं नव्हतं. रस्ता दोन्ही वेळा पुरताच होता. कुठे भोक नव्हतं, पडदा नव्हता, काळोख नव्हता. हरवलेल्या वस्तूची निदान जागा रिकामी राहते. इथे जागासुद्धा सोबत गेली होती. मग ती कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

काही दिवस त्याने बाईंचं ऐकलं. पट्टी डावीकडे, तो डावीकडे. "वळ, वळ, अजून वळ," तो म्हणे. ती वळे; मान पडद्याच्या मध्यापर्यंत येई आणि तिथे न दिसणाऱ्या भिंतीला टेकल्यासारखी थांबे. "वळले की. अजून किती वळू, मोडेल मान," ती म्हणे. तिला खरंच वाटे आपण पूर्ण वळलो. तो आवाज चढवी, मग आवाज चढवल्याबद्दल आवाज उतरवी. पुन्हा पुन्हा उठून तो पट्टीची चित्रं मोठी करी. चित्रं पेढ्याएवढी झाली, मग बशीएवढी, पण नसलेली वस्तू मोठी केल्याने असू लागत नाही. एका दुपारी तिने माऊस बाजूला ठेवला आणि हात मांडीवर घेतले. "फर्निचरवाल्याला फोन लावा," ती म्हणाली. "वाट बघायला नको त्याला. त्याच्याकडे त्या डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघराचं काम पडलंय." आवाजात रडं नव्हतं. दुकान बंद करताना दिवा मालवावा तसं ती बोलली. किती घरांची स्वयंपाकघरं तिने या टेबलावर मांडली होती; कोणाचा ओटा किती उंच, डावऱ्या सुनेसाठी सिंक कुठे, कढई ठेवायला वाकावं लागू नये म्हणून कप्पा कुठे. लोक घर दाखवताना पाहुण्यांना आधी स्वयंपाकघर दाखवत, आणि ते तिचं असे.

"संध्याकाळी लावतो," तो म्हणाला. आणि ती पडायला गेल्यावर त्याने पट्टीचं कुलूप उघडलं, ती ओढत ओढत उजव्या कडेला नेली आणि सोडून दिली. बाईंची नजर चुकवून पोराला गोळी द्यावी, तसं.

"अय्या, ही होय," ती म्हणाली. "मग एवढे दिवस काय झालं होतं?"

"वायर," तो म्हणाला.

त्या आठवड्यात घरात सणासुदीसारखं वातावरण होतं. ती पेन्सिलवर टिचकी मारी, नकाशा उघडे, गुणगुणे. त्याला हाकलून देई. "तुम्ही इथे नका बसू, माझ्या मानेवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं," असं ती म्हणाली तेव्हा तो तिच्या उजवीकडे बसला होता, म्हणून तिला दिसला होता. डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर तयार झालं आणि तिने त्याला दाखवायला बोलावलं. त्याने पाहिलं. उजव्या भिंतीवर सिंक, त्याला लागून गॅस, वर कपाटांच्या दोन ओळी, भांड्यांचा कट्टा, खिडकीत मसाल्यांची मांडणी. काही म्हणता काही राहिलं नव्हतं. फक्त खोलीच्या मध्यावर सगळं थांबत होतं, शिंप्याने कापता कापता कात्री ठेवून जेवायला जावं तसं. पलीकडे कोरा कागद. "कसं झालंय?" तिने विचारलं. तिचा चेहरा असा उजळला होता की दवाखान्यात नेण्याआधीची ती त्याला दिसली, आणि तो म्हणाला, "नेहमीसारखं."

हे म्हटल्यावर मागे फिरायची वाट राहिली नाही. ती आंघोळीला गेल्यावर तो खुर्चीत बसला आणि त्याने डावी बाजू भरली. त्याला स्वयंपाकघरातलं काय कळतं? चहा कळतो. आधी तो एकेक रेघ काढून पुसत होता. मग, लपवून काय उपयोग, मजा येऊ लागली. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघराच्या बाबतीत त्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आज एक अख्खी भिंत त्याच्या ताब्यात होती. फ्रिज ठेवला. दोन ड्रॉवर कोपऱ्यात समोरासमोर बसवले, दिसायला शोभिवंत. चहाच्या डब्यासाठी स्वतंत्र फळी काढली, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पाकिटाच्या चित्रावर टिचकी मारून नकाशा फर्निचरवाल्याला पाठवून दिला, आणि मग बसल्या बसल्या पुढचा हिशोब मांडला. आता दर नकाशाला हेच. ती अर्धं काढणार, तो अर्धं भरणार, आणि तिला कधी कळणार नाही की आपलं अर्धं दुसऱ्याच्या हातचं आहे. तो मेला तर? तिच्या स्वयंपाकघरांना डावी बाजू राहणार नाही, आणि तो गेलाय हे तरी तिला कुठल्या बाजूने कळेल? ह्या विचाराने तो दोन दिवस घरात असा फिरत राहिला की ती म्हणाली, "बसा हो कुठेतरी. घरात घड्याळ चालल्यासारखं वाटतंय."

फर्निचरवाल्याचा फोन नेमका तिने घेतला. फोन तिच्या उजव्या हाताशी होता. मोठ्या गळ्याचा माणूस. पलीकडच्या खोलीत काढूनलाव्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वहिनी, नकाशा मिळाला. सिंकची बाजू बघून जीव थंड झाला, म्हटलं आल्या आमच्या वहिनी परत. पण गरिबाला एक सांगा, गॅसला खेटून फ्रिज ठेवलात तो का? दूध तापवायला?"

"कुठला फ्रिज?"

"आणि ते कोपऱ्यातले ड्रॉवर. एक उघडला की दुसरा अडतो. दोघांत भांडण लावून द्यायचं असेल तर उत्तम आहे. पण ती चहाची फळी मात्र आवडली आमच्या पार्टनरला."

ती मग म्हणाली, "भाऊजी, तो कच्चा नकाशा गेला चुकून. पक्का पाठवते." आणि फोन ठेवला. "अहो," तिने हाक मारली. साध्या आवाजात. ह्या साध्या आवाजाला तो जन्मभर भीत आला होता.

तो येऊन उजवीकडे उभा राहिला. सवय झाली होती.

"पट्टी हलवलीत ना तुम्ही? वायर नव्हती."

"नव्हती."

"आणि माझ्या नकाशात हात घातलात."

"अर्धाच होता."

"पूर्ण होता," ती म्हणाली, आणि मग तिचंच वाक्य तिला ऐकू आलं. उजव्या हाताने तिने डाव्या हाताचा पंजा शोधला, सापडला तसा उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा थोपटला. "मला तिकडे काळोख दिसतो असं तुम्हाला वाटत असेल. नाही दिसत. रिकामंसुद्धा नाही. तिकडे नाहीच. पाठीमागचं तुम्हाला कसं दिसतं? काळं?"

"दिसतच नाही."

"तसं. म्हणून मला कोणी सांगितलं तर राग येतो. उगीच खोटं सांगतात असं वाटतं. तुम्ही स्टुलावर बसून बोलायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्ही खिडकीत उभे आहात. आवाज खिडकीतून यायचा. मी बघायचे, तर खिडकीत कोणी नाही. एकदोनदा घाबरले. म्हटलं, हे गेले की काय, आणि मला कोणी सांगत नाहीये."

इतक्या दिवसांत आपण एकटेच नाहीसे झालोय असं तो धरून चालला होता, आणि इकडे ती खिडकीशी त्याला शोधत होती.

"पट्टी तिकडे ठेवा," ती म्हणाली.

"अगं पण..."

"तिकडे ठेवा. आणि तुम्ही पण तिकडे बसा. बोलायचं नाही. वळ, अजून वळ करायचं नाही. तुमचा तो वळ-वळ ऐकला की मला माऊस फेकून मारावासा वाटतो."

त्याने कुलूप उघडलं, पट्टी ओढत नेली, डाव्या कडेला चिकटवली. स्टूल ओढून बसला. ती पडद्याकडे बघत होती. निळं. तिची मान वळली, मध्यापर्यंत आली, थांबली. डोळे पुढे ढकलले जात होते आणि परत येत होते, ओल्या फरशीवर पाय घसरावा तसे. त्याच्या ओठांपर्यंत 'वळ' आला. त्याने ओठ दातांत धरले. आत्ता ती हात मांडीवर घेईल आणि दिवा मालवल्यासारखी बोलेल, आणि ह्या वेळी वायर काढून लावायलासुद्धा काही उरलेलं नाही.

तिने हात मांडीवर घेतले नाहीत. तिने पाय जमिनीला लावला आणि रेटा दिला. उजवीकडे. फिरती खुर्ची गर्रकन नव्हे, कुरकुरत, भीत भीत फिरू लागली. तो उठणार होता, की चुकतेयस, उलटं चाललीयस; पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. ती खिडकीवरून गेली. कपाटावरून गेली. आता तिची पाठ पडद्याला होती, आणि जगातल्या कुठल्याही माणसाने म्हटलं असतं की ती दूर चाललीय. दारावरून गेली. आणखी एक रेटा. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपरा, स्टुलाचा पाय, त्याचा गुडघा. मग तो.

खुर्ची थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं; चुकीच्या गावाला उतरल्यावर ओळखीचं माणूस भेटावं तसं.

"इथे बसता होय तुम्ही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. बोलायचं नव्हतं.

"पाय घ्या आत."

त्याने पाय स्टुलाखाली घेतले. ती आणखी थोडी सरकली, एवढीशी, आणि तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला, तिकडून यायचं काहीच कारण नसताना, बशीएवढी पेन्सिल आली. तिने ती बराच वेळ पाहिली. मग हात लांब करून टिचकी मारली. डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर उघडलं, आणि अशा बसण्याने त्या खोलीची डावी भिंतही तिच्या नजरेच्या टप्प्यात आली: फ्रिज, भांडखोर ड्रॉवर, फळी. तिचं तोंड त्याच्याकडे, हात पडद्याकडे, नजर मधेच कुठेतरी तिरकी. असं बसून जगात कोणी नकाशे काढत नसेल. मान अवघडणार, पाठ धरणार, एका स्वयंपाकघराला महिना लागणार. तिने फ्रिज पकडला आणि गॅसपासून दूर न्यायला सुरुवात केली. तो निसटला. पुन्हा पकडला.

तो उठू का, मदत करू का, अशा बेताने जरासा पुढे झुकला.

"हलू नका," ती नकाशावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही दिसताय तोवर मला कळतं की मी पुरेशी वळलेय."

त्याच्या नाकाच्या शेंड्याला सणसणून खाज सुटली होती. तो हलला नाही.